डोलीत आलेला पितळी तांब्या, आणि दर्यातून वर आलेल्या इतर वस्तू

कुलाब्याचा_नाखवा | १२ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचायला येतो. आज लिहायला बसलो, कारण चार दिवस झाले एक वस्तू डोक्यातून जात नाहीये.

आमची छोटी बोट आहे, कुलाब्याची. मी, धाकटा भाऊ आणि दोन खलाशी. डोल लावतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: डोल म्हणजे भल्यामोठ्या पिशवीसारखं निमुळतं जाळं. समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना ते बांधायचं, तोंड पाण्याच्या ओढीकडे. आपण मासळीमागे पळायचं नाही, पाणीच मासळी घेऊन येतं. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, उधाणाला ओढ जोरात असते तेव्हा आमचं काम. भांगाला जाळी सुकवायची, शिवायची. आणि पाणी फिरायच्या आधी थोडा वेळ थांबतं ना, तेवढ्यात जाळं उचलायचं. ती वेळ चुकली की मासळीही जाते आणि जाळंही फाटतं.

या अमावास्येच्या उधाणाला काश्याच्या खडकाच्या बाजूला पहाटे साडेचारला जाळं वर घेतलं. खोला, म्हणजे जाळ्याचं शेपूट जिथे सगळं येऊन साठतं, तो नेहमीपेक्षा जड लागला. गाठ सोडली. बोंबील, मांदेली, थोडी करंदी, आणि हल्ली रोजच येतं ते: दुधाच्या पिशव्या, थर्माकोलचे तुकडे, एका पायातली चप्पल. त्या सगळ्यातून ठण्णकन काहीतरी फळीवर आपटलं. भाऊ म्हणाला, दगड असेल. बॅटरी मारली तर तांब्या!

पितळी आहे, जुन्या वळणाचा, पोट फुगीर आणि गळा आखूड. तोंडापर्यंत काळा चिखल भरलेला. अंगावर पांढरे खडबडीत शिंपले चिकटलेले, एका बाजूला तर थरच. चिखल बोटाने काढला तेव्हा आतून नखाएवढी चिंबोरी बाहेर आली आणि फळीवरून तुरुतुरु पळाली. रंग हिरवट काळा, पण जिथे खरवडला तिथे पिवळ्याऐवजी गुलाबी दिसतो. काठावर तीन बारीक खाचा आहेत, कुठेतरी आपटून पडल्या असाव्यात. आणि गळ्याखाली टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं. 'मामा' एवढं नक्की लागतं. पुढचं शिंपल्यांखाली आहे.

आईला दाखवला. तिने हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिला आणि म्हणाली, "कुनाच्या तरी संसाराचा हाय तो. कोरडा नको ठेवूस, पानी भरून ठेव." काकांचं म्हणणं उलट, असली वस्तू घरात आणायचीच नाही.

तर मला सांगा, अक्षरं कशी वाचू? आणि याचं करू काय? तुमच्यापैकी ज्यांना गळाला, जाळ्याला असं काही लागलं असेल त्यांनीही लिहा. फोटो जोडतोय.

नीलाक्षी_दादर | १२ फेब्रुवारी, रात्री १०:०५

दादा, आधी एक विनंती. चिंच-मीठ, लिंबू, राख, काहीही लावू नका! वरचा थर गेला की टिंबंही जातील. मी काही वर्षं एका संग्रहालयात धातूच्या वस्तू स्वच्छ करायचं काम केलंय, म्हणून कळकळीने सांगते.

तुमच्या आईंनी सांगितलं तेच बरोबर आहे. समुद्रातून आलेल्या धातूच्या आत मीठ मुरलेलं असतं. वस्तू कोरडी पडली की ते मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि धातू आतून खायला लागतं. गोड्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा, रोज पाणी बदला, निदान दोन-तीन आठवडे. लोखंड असेल तर त्याहून जपावं लागतं, आणि लाकूड कधीच उन्हात वाळवायचं नाही, तडकून जातं.

गुलाबी दिसतोय त्याचं कारण, पितळेत तांबं आणि जस्त असतं. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिलं की जस्त आधी निघून जातं आणि वर तांबं राहतं. म्हणजे तांब्या काल-परवा पडलेला नाही.

अक्षरांसाठी खोलीतला दिवा बंद करा आणि बॅटरी अगदी बाजूने, भांड्याला जवळजवळ टेकवून धरा. टिंबांच्या खळग्यांत सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. शिंपले चाकूने उचकटू नका. पाण्यात भिजून सैल होतील तेव्हा बांबूच्या काडीने हळूहळू काढा.

माझगावचा_नाना | १३ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

नाखवा, तुमचे काका उगाच बोलत नाहीत. अस्थी विसर्जनाला लोक बोट करून आत जातात आणि पुष्कळदा कलशासकट सोडतात. बहुतेक मडकं असतं, पण घरातला तांब्या नेणारेही असतात. तोंडाला फडकं बांधल्याची काही खूण आहे का बघा. तसा असला तर मान ठेवून परत दर्यात सोडावा, असं मला वाटतं.

मी गोदीत नोकरी केली आणि सुट्टीच्या दिवशी भाऊच्या धक्क्यावर हातदोरीने मासे धरले. एकदा गळ असा अडकला की दोर तुटायच्या बेतात. हळूहळू ओढत आणला तर नारळाएवढा काचेचा गोळा. पाच-सहा बाटल्या वितळून एकमेकींत शिरलेल्या, एका बाटलीचा गळा मात्र जसाच्या तसा. वडिलांनी तो पाहिला आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, चव्वेचाळीसची आग.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज लागलेलं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि त्याच जहाजात कापसाच्या हजारो गासड्या. आग लागली, आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. आजही १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. वडील तेव्हा मशीद बंदरला हमाली करत होते. जळता कापूस आभाळातून पावसासारखा पडत होता, असं सांगायचे.

त्याच जहाजात सोनंही होतं. ३१ पेट्या, प्रत्येकीत चार, अशा १२४ विटा. स्फोटात त्या उडाल्या. पुढे कित्येक वर्षं गोदीचा गाळ उपसताना त्यातल्या विटा निघत राहिल्या. लोकांना सोन्याचीच गोष्ट आवडते. पण त्याच गाळातून तोफगोळेही निघतात. २०११ च्या ऑक्टोबरात ४५ किलोचा जिवंत गोळा निघाला होता, स्फोटानंतर ६७ वर्षांनी! म्हणून सगळ्यांना सांगणं आहे: जाळ्यात लोखंडी, लांबट, गंजलेलं काही आलं तर ते ठोकू नका, खरवडू नका, भंगारात तर मुळीच नेऊ नका. पोलिसांना कळवा. त्यांचं बॉम्बशोधक पथक येतं.

काचेचा तो गोळा अजून माझ्याकडे आहे. तो आगीतलाच, हे मी वडिलांच्या चेहऱ्यावरून मानतो.

निवटी | १३ फेब्रुवारी, दुपारी १२:५०

नानांचं वाचून अंगावर काटा आला.

माझं बालपण शिवडीचं. ओहोटीला चिखलात निवट्या धरायला जायचो आम्ही पोरं, गुडघ्यापर्यंत रुतून. निवटीच्या बिळात हात घातला की कधी निवटी, कधी चिंबोरीचा चावा, आणि दोन वेळा मला गोटी सोड्याची बाटली मिळाली! गळ्याशी चिमटा काढल्यासारखी असते ना, ती. आत गोटी अजून खुळखुळत होती. जाड हिरवट काच. आईने त्यात मनीप्लांट लावला होता.

नाणेवेडा_भाईंदर | १३ फेब्रुवारी, रात्री ८:३०

मी वसईच्या खाडीच्या काठचा. लोकल पुलावर आली की डब्यातून हात बाहेर येतात आणि नाणी, नारळ, निर्माल्याच्या पिशव्या खाली पडतात. त्या पिशव्या पुलाजवळच्या लोकांना लागतात, डोकी फुटतात. ज्यांच्यापर्यंत हे पोचेल त्यांनी कृपा करून ते बंद करावं.

नाण्यांसाठी मात्र पोरं दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात सोडतात. मीही केलंय. फुटक्या स्पीकरमधलं गोल चुंबक चालतं. गंमत अशी की चुंबकाला सगळी नाणी लागत नाहीत. १९८८ नंतरचा चार आण्याचा पोलादी शिक्का लागतो, १९९२ पासूनचा पोलादी रुपया लागतो. १९६४ चा नेहरूंचा रुपया तर हमखास, कारण तो निव्वळ निकेलचा आणि निकेलला चुंबक ओढतो. पण १९७५ पासून सुरू झालेला तांबं-निकेल मिश्रणाचा रुपया ढिम्म हलत नाही. चांदीचंही तेच. म्हणजे खरं मोलाचं जे आहे ते चुंबकाला कधीच लागत नाही, त्यासाठी चिखलात हात घालावा लागतो.

तसा हात घालून मला भोकाचे पैसे मिळालेत, १९४३ ते ४७ चे, ब्राँझचे. आणि एकदाच, माझ्या सगळ्या आयुष्यात एकदाच, कंपनी सरकारचा १७९१ चा मुंबईचा तांब्याचा पैसा. एका बाजूला कंपनीचं हृदयासारखं व्यापारचिन्ह, दुसऱ्या बाजूला तराजू आणि तराजूच्या पारड्यांमध्ये 'अदल', न्याय. ते अक्षर खाऱ्या पाण्याने अर्धं खाल्लंय, तराजू मात्र स्पष्ट आहे. रोज एकदा तरी मी तो हातात घेतो.

पवईचा_गळ | १३ फेब्रुवारी, रात्री ९:१०

आमच्या पवई तलावात गणपतीनंतर आठवडाभर गळ टाकून उपयोग नसतो, काथ्या, सळ्या आणि कापड यातच अडकतो. एकदा मूर्तीचा फक्त हात आला. मोदक तसाच. परत सोडवेना आणि ठेववेना. शेवटी झाडाखाली मातीत पुरला. शाडूची मूर्ती असती तर पाण्यात विरून गेली असती.

मीरा_सागरी_जीव | १४ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

मी समुद्री जीवांवर काम करते, वेसावे आणि मढच्या बंदरांवर जाणं-येणं असतं. तिथे नाखव्यांनी दाखवलेल्या दोन गोष्टी सांगते.

पहिली म्हणजे मासळीच्या डोक्यातले दगड. घोळ किंवा ढोम्याचं डोकं फोडलं की कवटीत दोन पांढरे, हस्तिदंतासारखे गुळगुळीत खडे मिळतात. मासा तोल आणि आवाज त्यावरच समजतो. वेसाव्याच्या एका मावशींकडे डबाभर आहेत, नातवंडं सागरगोट्यांसारखी खेळतात. तो खडा कापून भिंगाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात, त्यावरून माशाचं वय काढता येतं.

दुसरी गोष्ट पाहून मला रडू आलं होतं. एका जुन्या घरात देवघरावर करवत टांगलेली होती. करवती माशाचं नाकाड, माझ्या हाताहून लांब, दोन्ही बाजूंना दात. आजोबा म्हणाले, त्यांच्या वडिलांच्या जाळ्यात आला होता, तेव्हा असे मासे येत. त्या आजोबांनी स्वतः उभ्या हयातीत एकही पाहिला नाही. हा मासा पाखटांच्या कुळातला, आणि ती दातेरी करवतच त्याला जाळ्यात अडकवते. एकदा अडकला की सुटत नाही. आज कायद्याने त्याला वाघाएवढं संरक्षण आहे.

तुमच्या जाळ्यात कासव, देवमासा, करवती मासा असं काही आलं तर जाळं कापून सोडा. २०१८ च्या डिसेंबरपासून आपल्या राज्यात त्यासाठी नुकसानभरपाई आहे, २५ हजार रुपयांपर्यंत. सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ जपून ठेवा आणि मत्स्यव्यवसाय खात्याकडे अर्ज करा. दर वेळी सांगते कारण दर वेळी कोणीतरी म्हणतं, ठाऊक नव्हतं.

गोराईकर | १४ फेब्रुवारी, रात्री १०:००

आम्हाला एकदा मेणाचा मोठा गोळा मिळाला, राखी रंगाचा, उग्र वासाचा. गावात बोभाटा झाला, देवमाशाची उलटी, कोटी रुपये! दोन दिवसांत मुंबईहून तीन माणसं भाव करायला हजर. वडिलांनी ऐकलं नाही, वनखात्याला फोन केला. तपासणीत नुसती घट्ट झालेली पामतेलाची चरबी निघाली. त्या तीन माणसांच्या नादी लागलो असतो तर काय झालं असतं, या विचाराने अजून दचकायला होतं. ती वस्तू खरी असली तरी बाळगणं आणि विकणं हा गुन्हाच. माकुळाच्या चोची पोटात टोचू नयेत म्हणून देवमाशाच्या आतड्यात ती तयार होते, आणि त्या देवमाशाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन मालवाहू जहाजं आदळली तेव्हाचं आठवतंय का कोणाला? तीनशेच्या आसपास कंटेनर पाण्यात गेले. आठवडाभर बिस्किटांचे, चहाचे पुडे तरंगत होते. काही कंटेनरांत कीटकनाशक होतं, म्हणून सरकारने मासळीही खाऊ नका सांगितलं. माझा मित्र चहाचा खोका घेऊन आला, त्याच्या आईने तो तसाच खड्ड्यात पुरला.

कुलाब्याचा_नाखवा | १४ फेब्रुवारी, रात्री १०:४५

सगळ्यांचे आभार. बंद पुडक्यांबद्दल मीही सांगतो. नोव्हेंबर २००८ मध्ये ते दहा जण आमच्याच वस्तीच्या किनाऱ्यावर उतरले. तेव्हापासून ओळखपत्राशिवाय दर्यात जात नाही आणि अनोळखी बोट, पुडकं, पिंप काहीही दिसलं की १०९३ ला फोन लावतो. २०२३ च्या ऑगस्टात दापोलीकडे चरसची पाकिटं वाहून आली होती. बंद असेल ते उघडायचं नाही, हा आमच्या बोटीवरचा नियम.

तांब्या बादलीत आहे. पाणी आई बदलते, मला हात लावू देत नाही. नाना, फडक्याची, दोरीची खूण कुठेच दिसत नाही.

रेवसची_सून | १५ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

दादा, तुम्ही 'काश्याचा खडक' लिहिलंत तेव्हाच मी थबकले होते. लिहू की नको, दोन दिवस विचार केला.

माझं सासर रेवसकडचं. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' बोट रेवसला निघाली. सणाला घरी चाललेली माणसं. काश्याच्या खडकाजवळ वादळी लाटेत बोट कलंडली. सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. रेवसचे कोळी मासळी घेऊन मुंबईला येत होते, त्यांनी टोपल्या दर्यात रिकाम्या केल्या आणि माणसं वर घेतली. माझे आजेसासरे त्या वेळी चौदा वर्षांचे. ते सांगायचे, नंतर कितीतरी दिवस जाळ्यात छत्र्या येत, वहाणा येत, एकदा बाळाचं कुंचीवजा टोपडं आलं. त्यांच्या आईने ते धुऊन, घडी घालून ट्रंकेत ठेवलं होतं. कोणाचं ते कधीच कळलं नाही.

तुमचा तांब्या त्याच बोटीतला असं मी म्हणत नाही. त्या वाटेने शंभर वर्षं माणसं ये-जा करतायत, गाठोड्यातून भांडं निसटायला वादळच लागतं असं नाही. पण अक्षरं वाचता आली तर मला आधी कळवाल का?

माझगावचा_नाना | १५ फेब्रुवारी, दुपारी ४:१०

ताई, लिहिलंत हे बरं केलंत. परत सोडा म्हणालो होतो ते मी मागे घेतो. आधी वाचू द्या.

कुलाब्याचा_नाखवा | ३ मार्च, रात्री ९:२०

वाचलं!

नीलाक्षीताईंनी सांगितलं तसंच केलं. शिंपले परवा काडी लावताच सुटून आले. रात्री दिवे घालवून भावाने बॅटरी बाजूने धरली, मी तांब्या हळूहळू फिरवला आणि पुतणीने वहीत एकेक अक्षर उतरवलं. टिंबं मोजून. 'म' आहे की 'भ' यावर अर्धा तास गेला. एवढं लागलं:

चि. सौ. कां. गं… हिस मामाकडून वै. शु. ३ १८५८ मु. …णी

नावातलं 'गं' च्या पुढचं आणि गावाचं पहिलं अक्षर गेलंय, तिथे धातूच खाल्ला गेलाय. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लग्नातला हाय. मामानं दिलेला." आणि पदर डोळ्याला लावला.

शिवडीकर_७७ | ३ मार्च, रात्री ९:४५

१८५८?! म्हणजे सत्तावन्नच्या उठावानंतरच्या वर्षीचा? हा तर दीडशे वर्षांहून जुना!

नाणेवेडा_भाईंदर | ३ मार्च, रात्री १०:०२

नाही हो. 'वै. शु. ३' लिहिलंय, वैशाख शुद्ध तृतीया, म्हणजे पुढचा आकडा शकाचा. शकात ७८ मिळवायचे. १९३६ चा एप्रिल. अक्षय्य तृतीया, लग्नाचा मुहूर्त. सगळं जुळतं.

कायद्याचं म्हणाल तर पुराण वस्तूला शंभर वर्षं लागतात, याची अजून झालेली नाहीत. उद्या कोणाला जुनं नाणं-मूर्ती मिळाली तर मात्र लक्षात असू द्या. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

रेवसची_सून | ३ मार्च, रात्री ११:३०

'…णी'. आमच्या शेजारचं गाव बोडणी आहे. दुसरीही असतील, पण बोडणी आहे. मे महिन्यात मुलांना घेऊन जाणार आहे, फोटो छापून नेते.

निवटी | ४ मार्च, सकाळी ८:००

ताई, नक्की लिहा. वाट बघतेय.

रेवसची_सून | २१ मे, रात्री ८:१५

जाऊन आले. बोडणीत तीन घरं फिरले. 'गं' वरून गंगा, गंगूबाई अशी नावं निघाली, पण छत्तीस सालचं लग्न आठवणारं कोण असणार? तिसऱ्या घरी नव्वदीच्या एक आजी होत्या. नजर अधू. मी फोटो समोर धरून अक्षरं वाचून दाखवायला लागले, तर त्या म्हणाल्या, "अक्षरं ऱ्हाऊ दे. काठ कसा हाय सांग."

मी म्हटलं, तीन खाचा आहेत.

त्यांनी माझ्या मनगटावर बोटाने तीन रेघा ओढून दाखवल्या. म्हणाल्या, विहिरीवर बायकांची भांडी एकत्र लागायची आणि वाचता कोणालाच येत नसे. मामा नाव कोरून द्यायचा, पण बाईला आपलं भांडं ओळखायला खूण लागायची. म्हणून लग्न झाल्यावर सासू कानशीने काठाला खाचा पाडून द्यायची. एका घरची एक, दुसऱ्या घरची दोन. अंधारात पाणी भरतानाही अंगठ्याला कळायचं. त्यांच्या स्वतःच्या हंड्याला चार होत्या. तीन कोणाच्या, ते त्यांना आता आठवत नाही. त्या घरच्या बायका एकेक करून गेल्या, म्हणाल्या.

दादा, त्या खाचा आपटून पडलेल्या नाहीत.

नीलाक्षी_दादर | २१ मे, रात्री ८:४०

इतकी वर्षं मी भांडी हाताळली आणि काठावरच्या खाचा 'इजा' म्हणून नोंदवत आले. उद्यापासून जुन्या नोंदी पुन्हा बघायला घेते.

कुलाब्याचा_नाखवा | नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी ६:५०

मंडळी, उशीर झाला लिहायला. ताईंचं वाचल्यावर तांब्या हातात घेतला आणि डोळे मिटून काठावरून अंगठा फिरवला. तीन. एकसारख्या अंतरावर. इतके महिने बघत होतो आणि दिसलं नव्हतं.

आईला सांगितलं. ती काही बोलली नाही, स्टूल मागितलं. माळ्यावर तिच्या आईचा तांब्याचा हंडा आहे, पन्नास वर्षं तसाच पडलेला, धान्याच्या पिंपामागे. मी चढून काढला. तिने पदराने काठ पुसला आणि बोट फिरवत फिरवत एका जागी थांबली. दोन खाचा. तिला स्वतःला ठाऊक नव्हतं. "मी समजले व्हते, जुना झालाय म्हनून."

काल बोट पुजली. तांब्यात पाणी भरून आईने नारळाशेजारी ठेवला होता. नारळ दर्यात सोडला, तांब्या परत घरी आणला. फळीवर हंड्याशेजारी आहे. बोडणीच्या आजींना सांगा, ताई, पाणी भरलेलंच असतं. आणि तीन खाचांचं घर कोणाला आठवलं तर त्यांनी कुलाब्याला यायची गरज नाही, तांब्या मीच घेऊन येईन.